घरात एकदा घेतलेला गेम घरातल्या सगळ्यांना: डीआरएम नसलेल्या गेमची वाटणी कशी करावी

घरात खेळणारी माणसं तीन आणि विकत घेतलेला गेम एक. ताईच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर तो आहे, धाकट्याला हवाय, आणि बाबा म्हणतात, "एकदा पैसे दिलेत ना, मग परत कशाला?" बाबांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर गेम कुठून घेतला यावर ठरतं. काही दुकानांतून घेतलेला गेम घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेताना ना कुठलं कुलूप आडवं येतं, ना दुकानाचा नियम. हा लेख अशाच गेमबद्दल आहे. ज्यांनी आजवर फक्त मोबाइलवर गेम खेळले किंवा कॉम्प्युटरवर कुणीतरी "टाकून दिलेले" गेम खेळले, त्यांनी पहिल्यापासून काय करावं, ते क्रमाने सांगते.

पहिली पायरी: कुलूप आहे का ते बघा

डीआरएम म्हणजे गेमला लावलेलं डिजिटल कुलूप. गेम सुरू होताना तो दुकानाच्या ॲपला किंवा कंपनीच्या सर्व्हरला विचारतो की समोरच्या माणसाकडे परवानगी आहे का. उत्तर आलं नाही तर गेम उघडत नाही. उत्तर देणारा सर्व्हरच बंद झाला तर काय होतं, हे 'द क्रू' या रेसिंग गेमने दाखवलं. २०१४ साली आलेल्या या गेमचे सर्व्हर युबीसॉफ्ट या कंपनीने ३१ मार्च २०२४ ला बंद केले. त्यानंतर पैसे मोजून घेतलेला गेम एकट्याने खेळणाऱ्यांनाही उघडेनासा झाला.

डीआरएम नसलेल्या गेमचा मामला साधा असतो. तुम्हाला एक इन्स्टॉलर फाइल मिळते. ती डिस्कवर ठेवा, पाच वर्षांनी काढा, इंटरनेट नसताना चालवा, तिला फरक पडत नाही.

असे गेम मिळण्याचं सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे गॉग. 'द विचर' बनवणाऱ्या पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने ते २००८ साली सुरू केलं, तेव्हा नाव होतं 'गुड ओल्ड गेम्स' आणि माल होता जुन्या गेमचा. आता तिथे नवेही मिळतात. २०१५ चा 'विचर ३' आणि २०२० चा 'सायबरपंक २०७७' हे दोन्ही तिथे कुलपाशिवाय आहेत. दुसरं ठिकाण इच डॉट आयओ. २०१३ पासून चालू असलेल्या या साइटवर लहान, बऱ्याचदा एकट्यादुकट्याने बनवलेले गेम असतात. डाउनलोड केलं की बहुतेक वेळा एक झिप फाइल हातात येते. अनेक गेम एकत्र विकणारं हंबल बंडल २०१० साली निघालं तेव्हा कुलूप नसलेल्या गेमसाठीच ओळखलं जायचं. आज तिथल्या बहुतेक बंडलमध्ये स्टीम या दुकानाच्या की, म्हणजे गेम त्या दुकानातल्या अकाउंटवर चढवायचे कोड, मिळतात, म्हणून पैसे देण्याआधी "डाउनलोड" लिहिलंय की "स्टीम की" हे नीट वाचा. इचवरही काही गेमसोबत फक्त की येते.

गॉगवर घेतानाही गेमचं पान शेवटपर्यंत वाचायची सवय लावा. एकट्याने खेळायचा भाग कुलपाशिवाय असतो, पण ऑनलाइन मल्टिप्लेअरला गॅलक्सी नावाचं त्यांचं ॲप आणि स्वतंत्र अकाउंट लागू शकतं. ते पानावर लिहिलेलं असतं. तुमच्या घरात गेम हवाय तोच मुळी ऑनलाइन खेळायला, तर या लेखातली युक्ती तुम्हाला फारशी कामाची नाही.

दुसरी पायरी: खरेदी कुणाच्या नावाने

अकाउंट घरातल्या एका मोठ्या माणसाच्या नावाने उघडा आणि सगळी खरेदी त्यावरच करा. आई, बाबा, नोकरी करणारी ताई, कुणीही चालेल. मात्र त्या माणसाने ते सांभाळायला हवं. ईमेल असा द्या की जो तो रोज उघडतो, कारण नवीन कॉम्प्युटरवरून लॉगिन केलं की कोड त्या ईमेलवर येतो.

पासवर्ड घरभर वाटू नका. गॉगच्या नियमांत अकाउंट एका माणसाचं असतं, घराचं नसतं. वाटायचा तो इन्स्टॉलर. अकाउंटचा मालक फाइल उतरवून देतो आणि बाकीचे ती चालवतात. यात एक व्यावहारिक फायदाही आहे. धाकट्याच्या हातात पासवर्ड नसला की सेलच्या दिवशी कार्टात भलतंच काही जात नाही.

पैसे भरताना नवख्या माणसाची गाडी एका ठिकाणी हमखास अडते. किंमत डॉलरमध्ये दिसत असेल तर तो परदेशी व्यवहार आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात. चालू करताना मर्यादा लावा, हजार-दोन हजारांची, आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करा. डॉलरच्या भावावर बँक वर काही टक्के चलन बदलण्याचे लावते आणि त्यावर जीएसटी, तेव्हा स्क्रीनवरच्या किमतीपेक्षा स्टेटमेंटवरचा आकडा थोडा जास्त येईल. घाबरू नका.

गेम चालला नाही तर? गॉगवर खरेदीपासून ३० दिवसांत पैसे परत मागता येतात, गेम उतरवून, चालवून पाहिला असला तरीही. २०२० पासून ही सोय आहे. म्हणून गेम घेतल्या घेतल्या घरातल्या सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरवर चालवून बघा. धाकट्याच्या वाट्याला तोच येणार असतो. ही सोय फुकटात गेम संपवून परत करण्यासाठी वापरू नये, एवढं मात्र मनापासून सांगते. कुलूप न लावता विकणाऱ्या दुकानाने ग्राहकावर टाकलेला हा विश्वास आहे, आणि असं विकणारी दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

तिसरी पायरी: इन्स्टॉलर उतरवा, ॲपवर विसंबू नका

या पायरीवर थोडा वेळ घालवा, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

गॉगमध्ये गेम घेतला की वेबसाइट गॅलक्सी ॲप पुढे करते. ते सोयीचं आहे, पण सक्तीचं नाही. ब्राउझरमधून आपल्या लायब्ररीत जा, गेमवर क्लिक करा, आणि खाली ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर असा भाग दिसेल, तो उघडा. तिथे विंडोज, मॅक, लिनक्स यांपैकी ज्यासाठी गेम आहे त्याच्या फाइल असतात. भाषाही निवडता येते.

लहान गेमची एकच फाइल असते, 'सेटअप' या शब्दाने सुरू होणारी, ईएक्सई प्रकारची. मोठ्या गेमला तिच्यासोबत बिन प्रकारच्या फाइल असतात, एक, दोन, तीन अशा क्रमाने. त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये हव्यात. एक बिन जरी राहिली तर इन्स्टॉल अर्ध्यावर थांबतं. पॅच (गेममधल्या दुरुस्त्या) आणि जादा भाग, ज्यांना डीएलसी म्हणतात, त्यांचे इन्स्टॉलर वेगळे असतात. तेही त्याच फोल्डरमध्ये घ्या. गेमसोबत पुस्तिका, संगीत, नकाशे फुकट मिळतात, ते जरूर उतरवा. जुन्या गेमची पुस्तिका नसेल तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं तेच कळत नाही.

फाइलच्या नावात गेमची आवृत्ती लिहिलेली असते. ते नाव बदलू नका. दोन महिन्यांनी "हा जुना की नवा?" हा प्रश्न पडतोच, आणि उत्तर त्या नावातच असतं.

वेळेचा हिशोब: ५० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो, तोही लाइन पूर्ण वेगाने चालली तर. त्या वेळात दुसऱ्या खोलीत कुणाची ऑफिसची मीटिंग असेल तर आधी विचारा, नाहीतर रात्री लावून झोपा. एकदा उतरवलेली फाइल यूएसबी ३ च्या पोर्टेबल डिस्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर दहाएक मिनिटांत जाते. प्रत्येकाने आपापला गेम इंटरनेटवरून उतरवण्यात घरची लाइन का अडवायची?

"दुकान तर आहेच, हवा तेव्हा उतरवू," असं वाटत असेल तर सप्टेंबर २०१० आठवा. गॉगने तेव्हा साइट काही दिवस बंद ठेवली, दुकान कायमचं गेलं असंच लोकांना वाटलं. तो प्रसिद्धीचा प्रकार निघाला आणि साइट नव्या रूपात परत आली. पण ज्यांनी आपले गेम उतरवून ठेवले नव्हते त्यांच्या पोटात गोळा आलाच असणार. तेव्हा घेतला की उतरवा, त्याच आठवड्यात.

चौथी पायरी: डिस्क

मला विचाराल तर एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घरगुती वापराला भरपूर होते. ग्रँट रोड स्टेशनबाहेर पडून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, चार दुकानं फिरलात की भावाचा अंदाज येतो. बिल घ्या, वॉरंटीचा शिक्का घ्या. फुटपाथवर किंवा ऑनलाइन "दोन टीबी" लिहिलेला पेनड्राइव्ह चारशे-पाचशे रुपयांत दिसला तर हात लावू नका. त्यात आत बत्तीस किंवा चौसष्ट जीबीची चिप असते आणि कॉम्प्युटरला मात्र दोन टीबी दिसेल अशी सोय केलेली असते. फाइल कॉपी झाल्यासारखी वाटते आणि नंतर उघडत नाही. नवी डिस्क किंवा पेनड्राइव्ह खरा आहे का हे बघायला 'एच टू टेस्ट डब्ल्यू' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण डिस्क भरून, परत वाचून सांगतं.

डिस्क फॉरमॅट करताना एक्सफॅट निवडा. जुन्या पेनड्राइव्हवर फॅट ३२ असतं, आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. जागा रिकामी दिसते, तरी कॉपी होत नाही, आणि नवखा माणूस डिस्क खराब आहे म्हणून दुकानात परत जातो. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोघांनाही वाचता येतं.

डिस्कवर "गेम" नावाचं एक फोल्डर, त्यात प्रत्येक गेमचं वेगळं फोल्डर. त्यात इन्स्टॉलर, पॅच, पुस्तिका आणि खरेदीच्या पावतीची पीडीएफ. पावती का? कारण उद्या कुणी विचारलं की हा गेम कुठून आला, तर फोल्डरमध्येच उत्तर असावं.

कॉपी झाल्यावर ती शाबूत आहे का हे तपासायचं असेल तर सेव्हन झिप हे सॉफ्टवेअर टाकलेलं असू द्या. फाइलवर राइट क्लिक केल्यावर चेकसम, म्हणजे फाइलची ओळख सांगणारा आकडा, काढायचा पर्याय येतो. मूळ फाइलचा आणि डिस्कवरच्या फाइलचा आकडा तंतोतंत जुळला की कॉपी चांगली. मोठ्या गेमला हे दहा मिनिटांचं काम आहे, पण पावसाळ्यात लाइट गेल्यावर कॉपी मध्येच तुटली असेल तर हाच आकडा खरं सांगतो.

मुंबईच्या हवेत आणखी एक पथ्य पाळावं लागतं. जून ते सप्टेंबर डिस्क खिडकीच्या कट्ट्यावर किंवा ओल येणाऱ्या भिंतीला लागून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत, कपाटात ठेवा. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा जोडून बघा. ज्या गेमवर जीव आहे, त्यांची दुसरी प्रत कुठल्यातरी कॉम्प्युटरवर असू द्या. एकाच डिस्कवर असलेली गोष्ट सुरक्षित आहे असं मी तरी धरत नाही.

पाचवी पायरी: दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाका

डिस्क लावा, फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करा, सेटअप चालवा. थेट डिस्कवरूनही इन्स्टॉल होतं, पण केबल हलली की सगळं पहिल्यापासून.

विंडोज कधीकधी निळी खिडकी दाखवून अनोळखी ॲप म्हणून अडवतं. तेव्हा डोळे झाकून पुढे जाऊ नका. सेटअप फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिजिटल सिग्नेचर. तिथे गॉगचं नाव दिसलं पाहिजे. गॉगच्या नावाने चोरटे इन्स्टॉलरही फिरतात, आणि व्हायरस येतो तो तिथून. तुम्ही स्वतः उतरवलेल्या फाइलवर सही असते. मित्राच्या मित्राने दिलेल्या फाइलवर नसेल तर तिथेच थांबा.

ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर गेम टाकू नका. तो लॅपटॉप रोज घरी येत असला तरी कंपनीचा आहे आणि आयटीवाल्यांना सगळं दिसतं.

जुना, ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप घरात धूळ खात पडला असेल तर तो बाहेर काढा. गॉगवरचे नव्वदच्या दशकातले बरेच गेम त्यावर आरामात चालतात, कारण ते चालवायला लागणारी डॉसबॉक्स किंवा स्कमव्हीएमसारखी सॉफ्टवेअर इन्स्टॉलरमध्येच दिलेली असतात. स्कमव्हीएमवर चालणाऱ्या गेमच्या फाइल ॲन्ड्रॉइड फोनवर नेऊनही खेळता येतात. लोकलमध्ये चर्चगेट ते विरार एवढ्या वेळात एखादं कोडं नक्की सुटतं, बसायला जागा मिळाली तर.

सहावी पायरी: कॉम्प्युटर एक, खेळणारे तीन

खरी भांडणं होतात ती इथे. ताईने चाळीस तास घालवून आणलेला सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद), धाकट्याने "न्यू गेम" दाबला आणि त्यावर लिहिला गेला. घरात त्या दिवशी जेवणाच्या ताटावर कुणी कुणाशी बोलत नाही.

उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं यूजर अकाउंट करा. सेटिंग्जमध्ये जाऊन दोन मिनिटांत होतं, प्रत्येकाला आपापला पासवर्ड. बहुतेक गेम आपले सेव्ह त्या त्या यूजरच्या डॉक्युमेंट्स किंवा ॲपडेटा फोल्डरमध्ये ठेवतात. 'विचर ३' डॉक्युमेंट्समध्ये ठेवतो, 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम ॲपडेटामध्ये. म्हणजे गेम एकदाच इन्स्टॉल होतो आणि सेव्ह आपोआप वेगळे राहतात. धाकट्याच्या यूजरला ॲडमिनचे अधिकार देऊ नका, म्हणजे इन्स्टॉल आणि काढून टाकणं मोठ्यांच्या हातात राहतं.

फार जुने गेम सेव्ह गेमच्याच फोल्डरमध्ये ठेवतात. तिथे वेगळे यूजर करून उपयोग नाही. अशा वेळी गेम दोन वेगळ्या फोल्डरमध्ये दोनदा इन्स्टॉल करा आणि फोल्डरला नावं द्या: "ताई", "दादा". हे गेम काहीशे एमबीचे असतात, जागेचा प्रश्न येत नाही.

गॅलक्सी वापरत असाल तर क्लाउड सेव्हकडे, म्हणजे इंटरनेटवर आपोआप जाणाऱ्या सेव्हकडे, लक्ष द्या. एकाच अकाउंटने दोन कॉम्प्युटरवर लॉगिन करून दोघं वेगवेगळे खेळले, तर एकाचा सेव्ह दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसू शकतो. अकाउंट ज्याचं, त्याच्याच कॉम्प्युटरवर गॅलक्सी. बाकीच्यांनी ऑफलाइन इन्स्टॉलरने टाकलेला गेम थेट डेस्कटॉपच्या आयकॉनवरून उघडायचा. त्यात एक गोष्ट हाताने करावी लागते: नवी आवृत्ती आली की अकाउंटवाल्याने पॅच उतरवून डिस्कवर टाकायचा आणि सगळ्यांनी तो लावायचा.

सेव्हचाही बॅकअप घ्या. गेम पुन्हा उतरवता येतो, दिवाळीच्या सुट्टीत उभं केलेलं शेत पुन्हा उभं करताना जीव जातो.

एकत्र खेळायचं असेल तर

जागा कमी असलेल्या घरात मला सगळ्यात आवडतात ते एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायचे गेम. १९९९ सालच्या 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' मध्ये हॉटसीट नावाची सोय आहे: तुमची चाल झाली की उठायचं, पुढच्याने बसायचं. आजोबांसकट चौघांचा डाव एका लॅपटॉपवर रविवारभर चालतो, आणि ज्याची चाल नसते तो चहा टाकतो.

'स्टारड्यू व्हॅली' मध्ये घरच्या वायफायवर दोन कॉम्प्युटर जोडता येतात. एकाने को-ऑपचं, म्हणजे मिळून खेळायचं, शेत सुरू करायचं, दुसऱ्याने लॅनमधून, म्हणजे घरातल्याच नेटवर्कवरून, जोडून घ्यायचं. जोडलं जात नसेल तर आधी दोन्हीकडची आवृत्ती एकच आहे का बघा, मग विंडोजमध्ये घरचं वायफाय "प्रायव्हेट" निवडलंय का ते बघा. दहापैकी आठ वेळा अडचण या दोनपैकीच एक असते.

इथे माझं एक मत आहे, ते नियम म्हणून घेऊ नका. एकच प्रत दोघं रोज एकाच वेळी खेळणार असतील आणि गेम एखाद्या लहान टीमने बनवलेला असेल, तर सेलमध्ये दुसरी प्रत घ्यावी. तांत्रिक गरज नसते, पण दोघांना मिळून शंभर तासांचा आनंद मिळत असेल तर बनवणाऱ्याच्या हातात दोन प्रतींचे पैसे पडायला हवेत.

उंबरठा कुठे?

कुलूप नाही म्हणजे अडवणारं कुणी नाही. म्हणून ही मर्यादा घरानेच ठरवायची असते, आणि लेखातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गॉगची भूमिका स्पष्ट आहे: तुमच्या घरातल्या कितीही कॉम्प्युटरवर टाका, मित्रांना वाटू नका. दिवाळी अंक एकच येतो, घरातले सगळे वाचतात, पण त्याची झेरॉक्स काढून कुणी सोसायटीभर वाटत नाही, तसंच हे. आपल्या कायद्यातही जागा तेवढीच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची, ते हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून, बॅकअप प्रत काढू देतं. त्याच कायद्याचं कलम ६३ ब चोरटं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगतं.

कायद्यापेक्षा अवघड असतो तो दारातला क्षण. शेजारचा मुलगा पेनड्राइव्ह घेऊन उभा असतो. "काकू, दादा म्हणाला तुमच्याकडे तो शेतीचा गेम आहे. देता का? लगेच आणून देतो." चाळीत, सोसायटीत आपण वाटी-वाटी साखर देणारी माणसं, तोंडावर नाही म्हणणं जड जातं. नाही म्हणूच नका. "ये, बस, इथेच खेळ," म्हणा. तुमच्या घरात, तुमच्या कॉम्प्युटरवर तो खेळला तर प्रत कुठेच बाहेर गेली नाही. आवडला तर त्याच्या वाढदिवसाला गिफ्ट म्हणून घेऊन द्या. गॉगवर गिफ्टची वेगळी सोय आहे, त्याच्या ईमेलवर जातो आणि त्याच्या नावावर चढतो.

घर म्हणजे नेमकं किती, हा प्रश्न आपल्या कुटुंबांत येणारच. मुलगी पुण्याला होस्टेलवर आहे, सुट्टीला घरीच येते, तर तिचा लॅपटॉप मी घरातलाच धरते. तिच्या रूममेटचा नाही. लग्न होऊन ठाण्याला वेगळा संसार थाटलेला भाऊ कितीही जवळचा असला तरी त्याचं घर वेगळं. त्याने आपला घ्यावा, किंवा भाऊबीजेला आपण द्यावा. सोसायटीच्या गणपतीत मंडपात स्क्रीन लावून स्पर्धा घ्यायची असेल तर घरगुती प्रत त्यासाठी नाही. इचवरच्या लहान गेमचा बनवणारा कोण ते पानावर दिसतं, त्याला दोन ओळींचं ईमेल करून परवानगी मागा.

आणि स्टीमवरचे गेम?

घरात आधीच स्टीमवर गेम असतील तर त्यांची वाटणी वेगळ्या पद्धतीने होते. सप्टेंबर २०२४ पासून स्टीम फॅमिलीज सुरू आहे: एकाच घरातले जास्तीत जास्त सहा जण, प्रत्येकाचं स्वतःचं अकाउंट, प्रत्येकाचे स्वतःचे सेव्ह. दोघं एकाच वेळी वेगवेगळे गेम खेळू शकतात. तोच गेम एकाच वेळी खेळायचा तर प्रती दोन लागतात, आणि काही गेम वाटणीला दिलेलेच नसतात. मुलांच्या अकाउंटवर वेळेची आणि गेमची मर्यादा लावता येते, ही सोय चांगली आहे. दोन गोष्टी मात्र सांभाळा. कुणी फॅमिली सोडली तर त्याला दुसऱ्या फॅमिलीत जायला, आणि त्याची रिकामी जागा भरायलाही, वर्षभराची अट आहे, तेव्हा चुलतभावाला हौसेने घेऊ नका. आणि धाकट्याने तुमच्या प्रतीवर ऑनलाइन चीटिंग केली तर त्या गेममध्ये बंदी तुमच्यावरही येऊ शकते.

अकाउंटची नोंद

ज्याच्या नावावर अकाउंट आहे त्याचा ईमेल, कुठल्या दुकानात कुठले गेम आहेत त्याची यादी, आणि डिस्क कुठे ठेवली आहे, हे एका वहीत लिहा. पासवर्ड त्या वहीत नको. तो पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा आणि घरातल्या आणखी एका मोठ्या माणसाला तो कसा उघडायचा ते दाखवून ठेवा. नवा गेम घेतला की यादीत एक ओळ: नाव, दुकान, तारीख, आवृत्ती, कुठल्या कॉम्प्युटरवर टाकला. ही वही धाकट्याकडे सोपवा. मुलांना असं काम आवडतं, आणि कुठला पॅच लावायचा राहिलाय हे तोच सगळ्यांच्या आधी येऊन सांगतो.